५ ला शून्याने गुणलं, मग ते ५ गेले कुठे?

तुमच्या हातात ५ आंबे आहेत. त्यांना शून्याने गुणा. उत्तर येतं शून्य. पण आंबे तर अजून हातातच आहेत. मग गणित खोटं बोलतंय का?

हा प्रश्न पाचवीतलं पोरगं विचारतं आणि चांगला शिकलासवरलेला मोठा माणूसही विचारतो. मोठा माणूस फक्त त्याला विज्ञानाची फोडणी देतो. त्याचं म्हणणं असं: शून्य म्हणजे काहीच नाही. ‘काहीच नाही’ने गुणलं म्हणजे आपण काहीच केलं नाही. मग ५ गुणिले ० हे ५ च राहायला हवं ना? आणि पदार्थ नष्ट होत नाही, ऊर्जा नष्ट होत नाही हे तर आपण शाळेत शिकलो. मग पाचाचा शून्य झाला तेव्हा ते पाच गेले कुठे?

शाळेत यावर मिळणारं उत्तर बहुतेकांना आठवत असेल. "नियम आहे, पाठ करा." वैताग या उत्तराचा येतो, कारण त्यातून असं वाटतं की कुणीतरी बसून हा नियम ठरवला आणि मनात आणलं असतं तर वेगळाही ठरवता आला असता. तसं ते अजिबात नाही. आणि प्रश्नही मूर्खपणाचा नाही. त्यात नेमकी कुठे गडबड आहे हे सापडलं, की विजेचं बटण, हमालाच्या डोक्यावरचं ओझं आणि सायकलच्या टायरमधली हवा यांबद्दलचेही काही घोळ सुटतात.

काहीच करायचं नसेल तर एकाने गुणा

पहिली गडबड ‘काहीच न करणं’ या शब्दांत आहे. बेरजेत काहीच न करणारी संख्या शून्य असते. ५ मध्ये ० मिळवा, ५ च राहतात. गुणाकारात मात्र ते काम १ करतो. बे एके बे, पाच एके पाच. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘१ एक्स’ लिहिलेलं असतं तेव्हा चित्र जसंच्या तसं दिसतं. ‘२ एक्स’ केलं की दुप्पट मोठं. अर्धा केला तर निम्मं. आकडा असाच खाली खाली नेत शून्यावर आणला तर चित्र जसंच्या तसं राहणार नाही, त्याचा एक ठिपका होईल. आपण बेरजेतला शून्याचा स्वभाव गुणाकारात घेऊन जातो आणि तिथेच फसतो.

दुसरी गडबड आंब्यांची. बाजारात मावशी पाच-पाच आंब्यांचे वाटे लावून बसल्या आहेत. तुम्ही ३ वाटे घेतले, पिशवीत १५ आंबे आले. एक वाटा घेतला, ५ आले. भाव ऐकून तसेच पुढे निघालात, म्हणजे शून्य वाटे घेतले, तर पिशवीत शून्य आंबे. मावशींचे आंबे कुठेही गेले नाहीत, ते वाट्यातच आहेत. ५ × ० = ० हे विधान त्या वाट्यातल्या आंब्यांबद्दल नाहीच, तुमच्या पिशवीबद्दल आहे.

म्हणजे गुणाकार ही आंब्यांवर केलेली जादू नाही. तो मोजण्याचा हिशोब आहे. हातातले ५ आंबे ‘शून्याने गुणणं’ अशी कुठलीही क्रिया जगात होत नाही. आंबे खाता येतात, वाटता येतात, कुजतात. गुणले मात्र जात नाहीत, गुणली जाते संख्या. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाला इथे धक्का लागायचा प्रश्नच येत नाही.

बरं, उत्तर ५ च ठेवून बघू

यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, पण हा झाला तुमचा दाखला. दाखले सोयीचे शोधता येतात. बरोबर आहे. म्हणून उलट करून बघू. क्षणभर मानू की ५ × ० = ५.

एक माणूस रोज ४० रुपये कमावतो आणि रोज ४० रुपये खर्च करतो. ५ दिवसांनी त्याच्याकडे किती उरले? पहिली रीत: रोजची शिल्लक ४० वजा ४०, म्हणजे शून्य. असे ५ दिवस, म्हणजे ५ × ०. दुसरी रीत: पाच दिवसांची कमाई २००, पाच दिवसांचा खर्च २००, उरले शून्य. दुसऱ्या रीतीत कुठेही शून्याने गुणलेलं नाही, त्यामुळे त्यावर वाद नाही. आता पहिल्या रीतीत ५ × ० चं उत्तर ५ धरलं, तर त्याच माणसाच्या त्याच खिशात कुठून तरी ५ रुपये उगवतात. ५ ऐवजी तुम्ही दुसरं काहीही धरा, ७ धरा, पाव धरा, दोन रीतींचा मेळ बसणार नाही. तो फक्त शून्य धरल्यावरच बसतो.

हेच आणखी थोडक्यात सांगता येतं. शून्य अधिक शून्य म्हणजे शून्यच. म्हणून ५ × ० आणि ५ × (० + ०) एकच. कंस सोडवला की दिसतं, ५ × ० ही अशी संख्या आहे जी स्वतःच स्वतःत मिळवली तरी तेवढीच राहते. अशी संख्या जगात एकच आहे.

गंमत म्हणजे पदार्थ नष्ट होत नाही म्हणून ५ × ० = ५ म्हणणारा माणूस वर ‘शून्यातून’ ५ रुपये तयार करून बसतो. अक्षय्यतेचा नियम मोडतो तो त्याच्याच उत्तराने. (ऋण गुणिले ऋण धन का होतं, या दुसऱ्या छळवादी प्रश्नाचं उत्तरही याच कंसात दडलेलं आहे. ते पुन्हा कधीतरी.)

एकदा गेलात की परत फिरता येत नाही

शून्याचे हे नियम सूत्ररूपात मांडणारा पहिला मोठा ग्रंथ इसवी सन ६२८ चा आहे, ब्रह्मगुप्तांचा ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’. ब्रह्मगुप्त भिल्लमालचे, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळचे. धन संख्या, ऋण संख्या किंवा शून्य, कशालाही शून्याने गुणलं तर शून्य, हे त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं. भागाकाराकडे मात्र त्यांचा पाय घसरला. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं त्यांनी लिहिलं. आज हे चुकीचं मानलं जातं आणि त्याचं कारण गुणाकारातच आहे.

७ × ० = ०. आणि १००० × ० = ०. आता मी तुम्हाला फक्त उत्तर सांगितलं, शून्य, तर मी सुरुवात ७ पासून केली होती की १००० पासून, हे तुम्ही ओळखू शकाल का? नाही. तिनाने गुणलं असतं तर तिनाने भागून परत येता आलं असतं. शून्याने गुणल्यावर परतीचा रस्ताच नाही. खरोखर काही हरवत असेल तर ते हेच, आधीच्या संख्येची ओळख. आंबे हरवत नाहीत, माहिती हरवते. म्हणूनच शून्याने भागायला बंदी आहे. ती बंदी मोडून १ × ० = २ × ० या खऱ्या समीकरणातले दोन्हीकडचे शून्य ‘काटले’, की १ = २ सिद्ध होतं.

इथे भास्कराचार्यांचं एक कोडं सांगायलाच हवं, कारण या सगळ्या गोष्टीतली मला सर्वांत आवडलेली जागा ती आहे. ११५० च्या ‘लीलावती’त ते विचारतात त्याचा आशय असा: एका संख्येला शून्याने गुणलं, जे आलं त्यात त्याचंच अर्ध मिळवलं, त्याला ३ ने गुणलं, मग शून्याने भागलं. उत्तर आलं ६३. तर ती संख्या कोणती?

आजच्या शिक्षकांनी या गणितावर लाल शाईने काट मारली असती. शून्याने गुणलं की सगळं शून्य, पुढे काय उरलं? पण भास्कराचार्यांनी आधीच सूचना दिलेली आहे. शून्याने गुणलं तर उत्तर शून्य, पण हिशोब अजून संपला नसेल तर शून्य लगेच करून टाकू नका, ‘शून्यपट’ म्हणून तसंच बाजूला ठेवा. पुढे शून्यानेच भागायची वेळ आली तर मूळ संख्या जशी होती तशी समजा. मग कोडं सोपं होतं: संख्येची दीडपट, तिची तिप्पट, म्हणजे साडेचारपट ६३. संख्या १४.

काटेकोरपणे पाहिलं तर ही सूट देता येत नाही. पण शून्याच्या जागी एखादी अतिशय लहान राशी घेऊन बघा. एक शतांश घ्या, उत्तर १४. एक कोट्यंश घ्या, तरी १४. राशी कितीही लहान करत नेली तरी १४ हलत नाही. पुढे कॅल्क्युलसमध्ये जी रीत रुळली, शून्याच्या जवळ जायचं पण शून्य होऊ द्यायचं नाही, तिची चाहूल या सूचनेत लागते असं मला वाटतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. पाटणादेवीला सहलीला जाणाऱ्या किती जणांना तो ठाऊक असतो, कोण जाणे.

परतीचा रस्ता नसण्याची किंमत कधी खरोखर मोजावी लागते. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकी नौदलाची ‘यूएसएस यॉर्कटाऊन’ ही क्रूझर युद्धनौका समुद्रात अडकून पडली. डेटाबेसच्या एका रकान्यात शून्य भरलं गेलं, संगणकाने त्या शून्याने भागायचा प्रयत्न केला, जहाजावरचं नेटवर्क कोलमडलं आणि इंजिनांवरचं नियंत्रण गेलं.

भौतिकशास्त्रात विचारायचं, शून्य कशाचं?

गणितात ५ म्हणजे नुसता ५. भौतिकशास्त्रात नुसता ५ नसतो. ५ किलो, ५ मीटर, ५ सेकंद असं काहीतरी असतं. दोन राशी गुणल्या की बहुतेक वेळा तिसरीच राशी तयार होते. एसटी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावतेय. शून्य तासांत ती किती अंतर कापेल? ६० × ० = ० किलोमीटर. एसटीचा वेग शून्य झाला का? नाही. काटा अजून ६० वर आहे. शून्य झालंय ते अंतर. ‘ते ६० गेले कुठे’ असं इथे कुणीही विचारत नाही, कारण इथे आपल्याला वेग आणि अंतर या वेगळ्या गोष्टी आहेत हे दिसतं.

हाच हिशोब घरातल्या विजेला लावा. आपल्या घरात साधारण २३० व्होल्टची वीज येते. विजेची शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. काहीही चालू नसेल तर करंट शून्य, म्हणून २३० × ० = ० वॉट. मीटर फिरत नाही, बिल वाढत नाही. पण सॉकेटमधले २३० व्होल्ट शून्य झालेले नाहीत, ते तिथे वाट बघत बसलेत. गुणाकार शून्य आला म्हणून ‘वीज नाही’ असं समजणं जिवावर बेतू शकतं. काही घरांच्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरवर बसवलेलं असतं. अशा घरात बटण बंद केलं की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज येऊन थांबलेली असते. बल्ब बदलताना मेन स्विच बंद करायला सांगतात ते याचसाठी.

आणि हमाल. शाळेच्या पुस्तकांतलं हे जुनं उदाहरण वाचून राग न आलेला माणूस विरळा. डोक्यावर पेटी घेऊन सपाट फलाटावर एका लयीत चालणारा हमाल पेटीवर शून्य कार्य करतो, असं विज्ञान सांगतं. कारण कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, पण बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. हमाल पेटीला वरच्या दिशेने तोलून धरतो आणि पेटी सरकते आडवी. वरच्या दिशेने ती तसूभरही हललेली नाही. म्हणून बल गुणिले शून्य.

मग तो घामाघूम का होतो? इथेही तोच प्रश्न विचारा: शून्य कशाचं? शून्य आहे ती पेटीला मिळालेली ऊर्जा. फलाटाच्या या टोकाला पेटी जेवढ्या उंचीवर होती तेवढ्याच उंचीवर त्या टोकाला आहे, तिला काही मिळालं नाही. हमालाच्या खांद्याचे, मानेचे, पायांचे स्नायू मात्र सारखे आखडत आणि सैल होत असतात, त्यात अन्नातून मिळालेली ऊर्जा जळते आणि तिची उष्णता होते. ती ऊर्जा पेटीच्या हिशोबात कधी आलीच नाही. पुस्तकांनी ‘कार्य’ हा रोजच्या वापरातला शब्द उचलून त्याला अगदी अरुंद अर्थ दिला आणि तो अर्थ पुरेसा समजावला नाही, माझ्या मते चूक तिथे आहे. हमालाच्या कष्टांना शून्याने गुणायचा अधिकार कुठल्याच सूत्राला नाही.

काही शून्य नावालाच शून्य असतात

आज तापमान २० अंश सेल्सिअस आहे, उद्या ४० होणार. उद्या दुप्पट उष्णता असेल का? मग आज ० अंश असेल तर उद्याची दुप्पट म्हणजे किती? पुन्हा शून्यच?

सेल्सिअसचा शून्य म्हणजे ‘उष्णता नाही’ असं नव्हे. पाणी गोठतं त्या जागेवर आपण मोजपट्टीची सुरुवात ठेवली, इतकंच. अशा शून्याने गुणलं की उत्तर शून्यच येतं, पण त्याला अर्थ नसतो. सायकलच्या टायरमधल्या हवेचा दाब तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हा वायूंचा नियम. या सूत्रात कुणी सरळ ० अंश सेल्सिअस टाकलं तर दाब शून्य येईल, म्हणजे पाणी गोठायच्या थंडीत जगातले सगळे टायर एकदम सपाट व्हायला हवेत. लेहच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि तरी तिथे गाड्या चालतात.

म्हणून सूत्रात तापमान केल्व्हिनमध्ये घालतात. तिथला शून्य म्हणजे खरोखरचा तळ, उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. या मापाने २७ अंश म्हणजे साधारण ३०० केल्व्हिन आणि ० अंश म्हणजे साधारण २७३. टायरचा आकार तोच राहिला तर आतल्या हवेचा एकूण दाब ९ टक्क्यांच्या आसपास घटेल. टायर थोडा मऊ लागेल, बस. गुणाकाराचा नियम दोन्हीकडे एकच होता, फरक होता तो शून्य कुठे रोवला होता त्याचा.

शून्य आणि अनंत समोरासमोर

शेवटची अडचण खरी आहे, ती शब्दांच्या घोळातून आलेली नाही. कुठलीही संख्या गुणिले शून्य म्हणजे शून्य. पण अनंत ही संख्याच नाही, मग अनंत गुणिले शून्य किती?

एक आयत घ्या, लांबी ४ आणि रुंदी ३, क्षेत्रफळ १२. लांबी दुप्पट करा, रुंदी निम्मी करा. पुन्हा करा. पुन्हा. रुंदी शून्याकडे निघाली, लांबी अनंताकडे, पण क्षेत्रफळ १२ च्या १२. आता लांबी दुप्पट करताना रुंदी निम्मीऐवजी एक तृतीयांश करत गेलात, तर क्षेत्रफळ घटत घटत शून्याकडे जाईल. दोन्ही वेळा ‘शून्याकडे गुणिले अनंताकडे’च होतं, उत्तरं वेगळी आली. म्हणून या गुणाकाराला एक ठराविक उत्तर देता येत नाही. आपले संगणक ज्या प्रमाण पद्धतीने अपूर्णांकांचे हिशोब करतात तिच्यातही शून्य गुणिले अनंत केलं तर उत्तर शून्य मिळत नाही, ‘ही संख्या नाही’ असा शेरा मिळतो.

ही अडचण निसर्गातही भेटते, प्रकाशाच्या रूपात. शाळेत शिकलेला संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. प्रकाशाच्या कणाला, फोटॉनला, वस्तुमान नसतं. शून्य गुणिले प्रकाशाचा वेग, म्हणजे संवेग शून्य. सरळ आहे. पण प्रकाश ज्याच्यावर पडतो त्याला ढकलतो, आणि संवेग नसलेली गोष्ट ढकलू शकत नाही.

इथे गुणाकार चुकला नाही, सूत्र अपुरं होतं. वस्तुमान गुणिले वेग हे सूत्र एसटी, क्रिकेटचा चेंडू अशा सावकाश चालणाऱ्या वस्तूंसाठी पुरतं. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतानुसार त्याच्या छेदात आणखी एक पद येतं आणि वेग प्रकाशाइतका झाला की ते पद शून्य होतं. म्हणजे फोटॉनसाठी वरही शून्य, खालीही शून्य. ब्रह्मगुप्त अडखळले होते ती नेमकी हीच जागा. हे सूत्र इथे काहीच सांगू शकत नाही, म्हणून उत्तर दुसऱ्या वाटेने काढावं लागतं: प्रकाशाचा संवेग म्हणजे त्याची ऊर्जा भागिले त्याचा वेग.

मे २०१० मध्ये जपानच्या ‘जाक्सा’ या अवकाश संस्थेने ‘इकारोस’ नावाचं यान सोडलं. त्याला १४ मीटर लांब आणि तितकंच रुंद, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असं शीड होतं. सूर्यप्रकाशाने त्या शिडाला दिलेला धक्का मोजला गेला, तो भरला साधारण एक मिलिन्यूटन. पृथ्वीवर ज्वारीच्या तीन-चार दाण्यांचं वजन हातावर जेवढं जाणवेल, तेवढा.